फ्रान्समधल्या बिझनेस स्कूलमध्ये शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः 'मास्टर इन मॅनेजमेंट'साठी फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी आहे. एमबीएला जाणाऱ्यांना कागदपत्रं, घर आणि डॉक्टरचा भाग तसाच लागू पडेल. युरोचे आकडे जिथे वर्षासह दिले आहेत, तिथे ते त्या वर्षाचे समजा. हे दर साधारणतः दरवर्षी बदलतात.

ग्राँद एकोल म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या बी-स्कूलसारखंच ना?

थोडंसं. फ्रान्समध्ये विद्यापीठं वेगळी आणि 'ग्राँद एकोल', म्हणजे निवडक प्रवेश देणाऱ्या उच्च शिक्षणसंस्था, वेगळ्या. यांतली ईएससीपी १८१९ पासूनची, एचईसी १८८१ ची, एसेक १९०७ ची. त्यांच्या मुख्य अभ्यासक्रमाला येणारी बहुतेक फ्रेंच मुलं बारावीनंतर दोन वर्षं 'प्रेपा'त, म्हणजे प्रवेशाच्या तयारीच्या वर्गांत, घासून, स्पर्धा परीक्षा देऊन पहिल्या वर्षात शिरतात. आपण भारतातून पदवी घेऊन जातो तेव्हा सहसा थेट दुसऱ्या वर्षात, म्हणजे मास्टरच्या पहिल्या वर्षात बसतो. परिणाम असा, की तुमचा पहिला दिवस असतो तेव्हा वर्गातल्या निम्म्या लोकांची वर्षभर जुनी मैत्री असते. सप्टेंबरमध्ये 'फ्रेंच मुलं आमच्याशी बोलत नाहीत' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. तिच्यात शिष्टपणा कमी आणि हे वेळापत्रक जास्त असतं.

तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बीबीए चालते का?

मास्टर इन मॅनेजमेंटसाठी बहुतेक शाळांत चालते. कॉलेज निवडताना मात्र पदवीच्या नावापेक्षा तिचा दर्जा बघा. सरकारमान्य 'ग्राद द मास्तेर' हवा, नाहीतर एमएससीला 'काँफेराँस दे ग्राँद एकोल' या संस्थेचा शिक्का हवा. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारं राहण्याचं कार्ड याच गोष्टीवर अडतं. काही खाजगी शाळा 'मास्तेर' विकतात, पण फ्रेंच स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'ई' जास्त असतो. उच्चार तोच. 'स्पेस्यालिझे' हे शेपूट आणि वरच्या संस्थेचा शिक्का असेल तर ठीक, नुसताच तो शब्द असेल तर ती सरकारी मास्टर पदवी नव्हे. एजंट हे सांगत नाहीत. शाळेला ईमेल करून 'ग्राद द मास्तेर मिळतो का' एवढंच लेखी विचारा.

सगळं इंग्रजीत शिकवतात, मग फ्रेंच कशाला?

वर्ग इंग्रजीत चालतात. बँक, घरमालक, दवाखाना, मुलाखत आणि गटातल्या गप्पा फ्रेंचमध्ये. लेक्चर संपलं की आपोआप फ्रेंच सुरू होतं आणि त्याच दहा मिनिटांत पुढच्या पार्टीचं आणि इंटर्नशिपचं बोलणं होतं. पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचचे वर्ग चालतात. निघण्यापूर्वी ए-२ पूर्ण करा (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत मोजतात). तिथे पहिल्या वर्षात बी-१, इंटर्नशिप शोधेपर्यंत बी-२ च्या जवळ. पूर्ण अभ्यासक्रमाची फी साधारण ३०,००० ते ५५,००० युरो भरायची आणि भाषेच्या क्लासचे पैसे वाचवायचे, हा हिशेब चुकीचा आहे.

भारतातून कोणते कागद नेले नाहीत तर पंचाईत होते?

एकच नाव घ्यायचं तर जन्मदाखला. आरोग्य विम्याच्या नोंदणीला आई-वडिलांच्या नावांसह पूर्ण जन्मदाखला मागतात. आपल्याकडे बारशाआधीच नोंद होते, त्यामुळे कित्येक जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते. ते नाव महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत चढवून नवा दाखला घ्यायला आठवडे जातात, आणि हे काम पॅरिसमध्ये बसून होत नाही. दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी साक्षांकनाचा शिक्का, करून घ्या, फ्रेंच भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडून करा. शेजारच्या फ्रेंच शिकवणाऱ्या ताईंनी केलेलं भाषांतर कितीही उत्तम असलं तरी चालत नाही.

पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव यांच्या रकान्यांत गडबड असेल (वडिलांचं नाव मध्येच शिरलेलं असतं) तर ती निघण्यापूर्वी निस्तरा. फ्रान्समध्ये प्रत्येक यंत्रणा तुम्हाला पासपोर्टवरच्या आडनावाने शोधते.

व्हिसासाठी किती पैसे दाखवायचे?

महिना किमान ६१५ युरो, हा सरकारी आकडा. यात पॅरिसमध्ये कोणी राहू शकत नाही. लिल, रेंस, ग्रनोब्लसारख्या शहरांत ८०० ते १,००० धरा, पॅरिस परिसरात १,१०० च्या वर. आधी कँपस फ्रान्स या फ्रेंच सरकारी संस्थेची ऑनलाइन फाइल आणि मुलाखत, मग व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्राकडे अर्ज. मुलाखतीत 'हाच कोर्स का' हे विचारतात. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं.

पोचल्यावर पहिल्या महिन्यात काय, कोणत्या क्रमाने?

क्रम चुकला की सगळं अडतं, म्हणून हा एकच प्रश्न यादीसारखा देतो.

१. सीव्हीईसी नावाची विद्यार्थी वर्गणी. २०२५-२६ मध्ये १०५ युरो. पावतीशिवाय शाळेत नाव नोंदत नाहीत. ही निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरता येते.
२. पत्त्याचा पुरावा. कोणाकडे तात्पुरते राहत असाल तर त्यांचं लेखी पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यांच्या नावाचं वीजबिल.
३. बँक खातं आणि 'रिब', म्हणजे खात्याच्या तपशिलाचं पान. भाडं, फोन, विम्याचा परतावा, पगार सगळीकडे हेच मागतात.
४. व्हिसाची ऑनलाइन नोंद, उतरल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही राहून गेली तर तुमचं वास्तव्य बेकायदा ठरतं आणि ख्रिसमसला स्पेनला गेलात की परतताना कळतं.
५. परदेशी विद्यार्थ्यांच्या पोर्टलवर आरोग्य विम्याची नोंद. ही फुकट असते. 'विद्यार्थी विमा सक्तीचा आहे' म्हणून पैसे मागणारी खाजगी संकेतस्थळं टाळा.

सगळे कागद पीडीएफमध्ये, प्रत्येकी एक फाइल, फाइलच्या नावात आडनाव आधी. मोबाइलवर काढलेला तिरका फोटो हे अर्ज परत येण्याचं सर्वांत सामान्य कारण आहे. आणि ऑगस्टच्या पहिल्या तीन आठवड्यांत कोणतंही काम होईल अशी आशा धरू नका. अख्खा देश सुट्टीवर असतो.

घरमालक फ्रेंच जामीनदार मागतो. आणायचा कुठून?

'व्हिझाल' नावाची योजना आहे. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना ती फुकट जामीन देते, व्हिसा हातात आला की अर्ज करता येतो. महत्त्वाची अट: प्रमाणपत्र भाडेकरारावर सही करण्यापूर्वी हवं. सही करून मग अर्ज करणारे दरवर्षी सापडतात, आणि मग खाजगी जामीन कंपनीला पैसे मोजतात.

सामानासह खोली असेल तर अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, रिकामी असेल तर एक. तुम्हाला सोडायची असेल तर सामानासह घराला एक महिन्याची नोटीस पुरते. चावी घेताना 'एता दे लिय' करतात, म्हणजे घराच्या अवस्थेची नोंद. तिथे लाजू नका. भिंतीवरचं प्रत्येक भोक, शेगडीवरचा डाग, न उघडणारी खिडकी लिहून घ्या, फोटो काढा. अनामत कापली जाते ती याच कागदावरून. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर पडला तर तोही त्यातच मोजतात. घराचा विमा सक्तीचा आहे.

घरभाड्याची सरकारी मदत खर्चाच्या गणितात धरू नका. मिळाली तर वरकड.

मार्क कसे देतात? मला २० पैकी १३ मिळाले, घरी काय सांगू?

चांगले मिळाले असं सांगा. १० ला पास, १२ म्हणजे बरं, १४ म्हणजे चांगलं, १६ म्हणजे फारच चांगलं. १८ क्वचित दिसतात. १३ म्हणजे ६५ टक्के असं गणित करून कोणी नाराज होऊ नये. काही शाळा अक्षरी श्रेणी देतात. वर्षाला ६० ईसीटीएस (युरोपभर चालणारी) क्रेडिट, मास्टरला १२०. नापास विषयाची दुसरी फेरी असते, तिला 'रातरापाझ' म्हणतात. ती बऱ्याचदा जून-जुलैत येते, म्हणजे नेमकी इंटर्नशिपच्या तोंडावर किंवा तुम्ही परतीचं तिकीट काढल्यावर.

हजेरी खरी असते. तीन तासांचा वर्ग, प्रत्येक वर्गाला सही. ठरावीक गैरहजेरीनंतर विषय नापास, मार्क कितीही असोत. प्रॉक्सी लावू नका, शिस्तभंग समितीपर्यंत जातं.

गटकाम एवढं का असतं, आणि त्यात भांडणं का होतात?

बऱ्याच विषयांत निम्मे किंवा जास्त मार्क गटाच्या कामावर असतात. भांडणाचं मूळ बहुधा पद्धतीतल्या फरकात असतं. फ्रेंच मुलं शाळेपासून एक साचा शिकलेली असतात: आधी 'प्रोब्लेमातिक', म्हणजे नेमका प्रश्न कोणता हे ठरवायचं, मग दोन किंवा तीन भागांचा आराखडा, मग मजकूर. पहिली अख्खी मीटिंग प्रश्नाच्या एका वाक्यावर जाऊ शकते. आपली मुलं पहिल्या संध्याकाळी स्लाइड वाटून घेतात आणि रात्री वीस स्लाइड करून पाठवतात. मग कोणीतरी म्हणतं की याला आराखडाच नाही, आणि रात्रीची मेहनत वाया.

उपाय साधा आहे. पहिल्या मीटिंगला तुम्हीच प्रश्नाचं एक वाक्य लिहून न्या. ते खोडलं जाईल, हरकत नाही, पण तुम्ही चर्चेच्या आत असाल. वाद घालणं तिथे अपमान मानत नाहीत. 'मला पटत नाही' असं तोंडावर सांगून नंतर एकत्र कॉफी प्यायला जातात. आपण गप्प राहतो आणि मनात ठेवतो. समोरच्याला वाटतं की तुम्हाला मान्य आहे.

मीटिंग फ्रेंचकडे सरकली तर तिथल्या तिथे, हसत, इंग्रजीत प्रश्न विचारा. तीनदा विचारावा लागेल. कामचुकार सहकाऱ्याबद्दल शिक्षकाला सादरीकरणाच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी कळवा. आणि उताऱ्यांचे मूळ संदर्भ द्या. शाळांकडे मजकूर तपासण्याची सॉफ्टवेअर असतात, आणि गटातल्या एकाने उचललेला परिच्छेद सगळ्यांना भोवतो.

बी-डी-ई काय आहे? वर्गणी भरावी का?

विद्यार्थ्यांचं मंडळ. उच्चार 'बेदेअ'. त्याच्या जोडीला खेळांचं बी-डी-एस, कलांचं बी-डी-ए आणि विषयवार डझनावारी संघटना: वित्त, वाइन, नौकानयन, नाटक, सामाजिक काम. कंपन्यांसाठी पैसे घेऊन काम करणारी 'ज्युनिअर आँतरप्रीझ' ही कल्पना १९६७ मध्ये एसेकमध्येच जन्मली. निवडणुकीच्या दिवसांत पॅनेल एकमेकांविरुद्ध प्रचार करतात, फुकट पॅनकेक वाटतात, रात्री-अपरात्री नाश्ता पोचवतात. कॉलेजच्या निवडणुका पाहिलेल्या कोणालाही हे परकं वाटणार नाही. फक्त इथे मारामाऱ्या नसतात.

वर्गणी काही शेकडा युरो असू शकते आणि पूर्ण अभ्यासक्रमासाठी एकदाच घेतात. तुम्ही दोनच वर्षं असाल तर कमी दर विचारा, अनेक ठिकाणी असतो. पण पार्ट्यांच्या सवलतीसाठी भरत असाल तर थांबा. एका छोट्या संघटनेत प्रत्यक्ष काम घेणं याचा उपयोग दसपट आहे. 'इंटरनॅशनल' विद्यार्थ्यांच्या क्लबपेक्षा गिर्यारोहण किंवा स्वयंपाकाचा क्लब निवडा, कारण पहिल्यात फ्रेंच कोणी नसतं. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना ग्रनोब्लमध्ये ओळख करून घ्यायला भाषासुद्धा कमी लागते.

नव्या मुलांच्या सहलीला 'वेई' म्हणतात, दोन-तीन दिवसांची, दारू भरपूर. जायलाच हवं असं नाही. रॅगिंग, तिथला शब्द 'बिझ्युताझ', १९९८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि संमती दिली होती हा बचाव चालत नाही. नको असलेला प्याला खाली ठेवायचा, बस.

गालाला गाल लावायचा की हात मिळवायचा? 'तू' की 'तुम्ही'?

विद्यार्थी एकमेकांना सर्रास 'त्यु', म्हणजे 'तू' म्हणतात. प्राध्यापक, कार्यालय, घरमालक, दुकानदार यांना 'वू'. मराठी माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही, एवढा एक फायदा. 'बीझ'साठी, म्हणजे गालाला गाल लावायला, समोरचा पुढे आला तर या, नाहीतर हात पुढे करा. किती वेळा आणि कोणत्या गालापासून हे शहरागणिक बदलतं, स्थानिकही चुकतात.

जास्त महत्त्वाचं: दुकानात, बसमध्ये, कार्यालयात शिरताच 'बोंझूर'. थेट प्रश्न विचारलात तर उद्धट ठरता आणि पुढची वागणूक तशीच मिळते.

'आपेरो'चं, म्हणजे जेवणाआधीच्या पेयांचं आणि खाण्याचं, बोलावणं संध्याकाळी सातचं असेल तर सव्वासातला जा. हातात काहीतरी हवं: रस, चीज, किंवा घरून आलेली बाकरवडी. ती हमखास खपते. दारू पीत नसाल तर 'ज न ब्वा पा दालकॉल' म्हणा, कारण देऊ नका. कारण दिलं की चर्चा सुरू होते.

शाकाहारी माणसाने काय करायचं?

नुसतं 'वेजेतारियाँ' म्हणालात तर मासे पानात येऊ शकतात. 'नि व्याँद, नि प्वासों', मांस नको, मासे नको, असं स्पष्ट म्हणा. सॅलडमध्ये 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, कांद्याच्या सुपात बऱ्याचदा गोमांसाचं पाणी, गोड पदार्थांत जिलेटिन. अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने जमवतात. आवरणावर 'प्रेझ्यूर' (हेच ते विरजण) शब्द बघा.

सरकारी विद्यार्थी खानावळीत २०२५ साली पूर्ण ताट ३.३० युरोला होतं आणि एक शाकाहारी पर्याय सहसा असतो. पॅरिसमध्ये डाळ-मसाल्यांसाठी गार द्यु नॉर स्टेशनच्या मागचा ला शापेल भाग. दुकानं श्रीलंकन तमिळांची, त्यामुळे इडलीचा तांदूळ मिळतो, पण थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला घरूनच न्या. पाच लिटरचा कुकर नेऊ नका, तीनचा पुरतो. त्याची जादा रबरी रिंग आणि शिट्टी मात्र न्या.

शिकताना काम किती करता येतं?

वर्षाला ९६४ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी साडेअठरा. २०२५ मध्ये किमान वेतन ताशी ११.८८ युरो होतं, कपात होण्यापूर्वी. त्यातून किराणा आणि फोन निघतो, फी निघत नाही. कर्जाचा हप्ता अशा कामावर बेतणारे दुसऱ्या सत्रात हजेरीत मार खातात.

इंटर्नशिप कशी मिळते? सगळे तिच्याचबद्दल का बोलतात?

कारण पदवी तिच्याशिवाय पूर्ण होत नाही. 'स्ताज' बहुधा सहा महिन्यांचा, पूर्णवेळ. कंपनी, शाळा आणि तुम्ही अशा तिघांच्या सहीचा करार, 'काँव्हाँस्यों', झाल्याशिवाय पहिला दिवस भरता येत नाही. हा करार असलेले तास ९६४ मध्ये मोजत नाहीत. दोन महिन्यांहून मोठ्या स्ताजला मोबदला सक्तीचा. २०२५ मध्ये किमान ताशी ४.३५ युरो, म्हणजे पूर्ण महिन्याला साधारण ६७०. पॅरिसमधल्या मोठ्या कंपन्या याच्या दुपटीपर्यंत देतात. बस-मेट्रोच्या पासचे निम्मे पैसे कंपनी देते.

जानेवारीत सुरू होणाऱ्या जागांचा शोध सप्टेंबरात, जुलैच्या जागांचा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तुम्ही घर शोधत असता तेव्हाच पहिली फेरी सुरू होते. बँका आणि सल्लागार कंपन्या त्याहून आधी. बायोडेटा एक पान. वडिलांचं नाव, धर्म, दहावीचे टक्के काढून टाका. वरच्या ओळीत 'सहा महिन्यांचा स्ताज, अमुक तारखेपासून' हे ठळक लिहा, कारण छाननी करणारा आधी तेच बघतो. भाषांच्या रकान्यात फ्रेंचची पातळी खरी लिहा. मुलाखतीत मध्येच फ्रेंच सुरू करून तपासतात.

शंभर अर्ज करून उत्तर न आलेले खूप असतात. उत्तर येतं ते बहुतेकदा माजी विद्यार्थ्यांमुळे, आणि त्यांचा नंबर मिळतो संघटनेतल्या कोणाकडून. वर बी-डी-ईवर एवढं लिहिलं ते यासाठी.

'सेझ्यूर' घ्यावी का?

मास्टरच्या दोन वर्षांमध्ये घेतलेलं अनुभवाचं वर्ष, साधारण सहा-सहा महिन्यांचे दोन स्ताज. फ्रेंच मुलं सर्रास घेतात. अर्थशास्त्र सोडून मार्केटिंगकडे वळायचं असेल किंवा फ्रेंच कच्चं असेल तर घ्यावी. पण शैक्षणिक कर्जाची परतफेड कधी सुरू होते हे बँकेला आधी लेखी विचारा, आणि त्या वर्षी शाळेतली नोंद चालू राहील याची खात्री करा. नोंद तुटली तर करार नाही आणि राहण्याचं कार्डही अडचणीत.

आजारी पडलो तर?

एक नेहमीचा डॉक्टर नोंदवून ठेवा. साध्या डॉक्टरची फी ३० युरो. नोंद असेल तर १९ परत येतात, नसेल तर ७. सप्टेंबरातच करा, ताप आल्यावर नवा रुग्ण घेणारा डॉक्टर सापडत नाही. भेटी 'डॉक्टोलिब' या संकेतस्थळावर ठरतात. तातडीला १५ किंवा ११२.

नोव्हेंबरात पाच वाजता अंधार पडतो आणि खोलीतून उठवत नाही. हे बऱ्याच जणांना होतं. विद्यार्थ्यांना मानसोपचाराच्या वर्षाला १२ भेटी मोफत आहेत, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, इंग्रजी बोलणारे निवडता येतात. जीव नकोसा वाटला तर ३११४, चोवीस तास.

गणपतीला काय करतात?

पॅरिसच्या अठराव्या विभागात श्री माणिक्क विनायकर मंदिर आहे, १९८५ पासूनचं. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याची रथयात्रा निघते. ढोल-ताशा आणि उकडीचे मोदक नसतात. नादस्वरम असतं आणि रस्त्यात नारळांचे ढीग फोडले जातात. शाळा नुकती सुरू झालेली असते, म्हणून वर्गातल्या दोन-तीन फ्रेंच मुलांना सोबत घेऊन जा.

राहण्याच्या कार्डाचं नूतनीकरण आणि पुढे?

संपण्याच्या चार ते दोन महिने आधी ऑनलाइन अर्ज. निकाल आणि हजेरी बघतात. वर्ष वाया गेलं असेल तर कारणाचं पत्र जोडा. पदवीनंतर भारतीयांना २०१८ च्या भारत-फ्रान्स करारामुळे नोकरी शोधण्यासाठी १२ महिन्यांचं कार्ड मिळतं आणि ते एकदा वाढवता येतं. अर्ज विद्यार्थी-कार्ड चालू असतानाच करायचा. पदवीचा मूळ कागद यायला महिने लागतात, पण तोपर्यंत शाळेचं 'यशस्वी झाल्याचं प्रमाणपत्र' चालतं. ते शेवटच्या निकालाच्या दिवशीच मागून ठेवा, कारण त्यानंतर लगेच ऑगस्ट येतो.